घोडा का अडला? स्वाराची मांड आणि तोल ह्यांविषयी चार शब्द

लहानपणी आजीने घातलेले ते कोडे बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. भाकरी करपली, विड्याचे पान सडले आणि घोडा अडला. तिन्हींचे कारण एकच, ते कोणते? उत्तर असे की, फिरवले नाही म्हणून. भाकरीपुरते आणि पानापुरते हे उत्तर बिनतोड आहे. घोड्याच्या बाबतीत मात्र ते अर्धेच खरे, असे पन्नास वर्षांच्या अनुभवाअंती माझे मत झाले आहे. रोज नेमाने फिरवलेले घोडेही अडतात, आणि त्यांतले पुष्कळसे पाठीवर बसलेल्या माणसामुळे अडतात. दोष स्वाराच्या कमरेत असतो आणि चाबूक घोड्याच्या पुठ्ठ्यावर बसतो.

आपल्यापैकी कित्येकांच्या घराण्यांत एके काळी शिलेदारी होती. भिंतीवर एखादी तलवार, माळ्यावर उंदरांनी कुरतडलेले एखादे जीन अजूनही सापडते. रपेट मात्र गेली. अलीकडे मुलामुलींना हौसेने रायडिंगच्या वर्गाला घालणारे आईबाप पुन्हा दिसू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. त्यांच्यासाठी, आणि विशेषतः ज्यांच्या हाती घोडा फेरण्याचे, म्हणजे कच्च्या घोड्याला चाल, वळण व इशारे शिकविण्याचे काम येते त्यांच्यासाठी, हे लिहीत आहे. प्रथम माझ्याच चुकीची हकीकत सांगतो.

१९७१ सालची गोष्ट. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या घरामागे दोन ठाणांचा लहानसा तबेला होता. त्यात वडिलांनी एक कुमैत घोडी आणून बांधली. काठेवाडी रक्ताची, अंगाने हलकी, कान टोकाशी आत वळलेले. स्वस्तात मिळाली, कारण विकणाऱ्याने आधीच सांगून टाकले होते की, ही अडेल आहे. डावीकडे ती उत्तम वळे. उजवीकडे वळवू लागले की डावा खांदा बाहेर टाकून सरळ चालत राही, आणि लगाम अधिक ओढला की थबकून पाय रोवी. मी तीन महिने तिच्याशी झुंजलो. टाच, चाबूक, आरडाओरड, सारे झाले. शेवटी तिच्या पाठीवर, जिनाखाली डाव्या अंगाला, रुपयाएवढी जखम झाली. वडील म्हणाले, "चैत्रापर्यंत पाहू. नाही सुधारली तर टांगेवाल्याला देऊन टाकू." त्या दिवसांत अडेल घोड्याची अखेर बहुधा टांग्यातच होत असे, आणि टांग्यातल्या घोड्याची अखेर कशी होई, हे स्टेशनच्या रस्त्यावर रोज दिसत असे.

आमच्या आळीत एक वृद्ध गृहस्थ राहत. पूर्वी ग्वाल्हेर लान्सर्समध्ये होते. संस्थाने विलीन झाल्यावर, १९५३ साली, संस्थानी घोडदळांतून एक नवी घोडेस्वार पलटण उभारली गेली. तीच पुढे ६१वी कॅव्हलरी म्हणून नावारूपास आली. हे गृहस्थ मात्र तिच्यात गेले नाहीत, घरीच राहिले. हुद्दा काय होता कोण जाणे, पण आम्ही सारी मुले त्यांना रिसालदारकाका म्हणत असू. एके सकाळी ते काठी टेकत आले, अर्धा तास कठड्याशी उभे राहून माझा तमाशा पाहिला, आणि म्हणाले, "उतर. घोडीचे मागाहून पाहू, आधी तुझे बूट दाखव."

डाव्या बुटाची टाच उजव्याहून अधिक झिजलेली होती. मग त्यांनी जिनाच्या दोन्ही रिकिबी वाद्यांसकट काढावयास लावल्या आणि एकाच खिळ्याला शेजारी शेजारी टांगल्या. डावी वादी उजवीपेक्षा दीड बोट लांब निघाली! मी भोके मोजून रिकिबी लावत असे आणि भोके दोन्हीकडे सारखीच होती. परंतु घोड्यावर चढावयाचे ते नेहमी डावीकडून. रोज सगळे अंग त्या एकाच वादीला लोंबकळे आणि कातडे हळूहळू ताणले जाई. त्यांनी वादीला नवे भोक पाडून दोन्ही सारख्या केल्या आणि शेजारच्या एका हलक्या अंगाच्या मुलाला घोडीवर बसविले. पाठीवरची जखम मोकळी राहावी म्हणून कांबळ्याची घडी त्या जागी कापून घातली. तिसऱ्या फेरीला घोडी उजवीकडे वळली. चाबूक नाही, टाच नाही.

"अडेल नाही रे ती," काका म्हणाले. "तू डावीकडे सांडतोस, ती तुझ्याखाली येऊन उभी राहू पाहते. ह्यात तिचा अपराध कोणता?"

हे वाक्य समजावयास मला बरीच वर्षे लागली. ते थोडक्यात असे.

घोडा हा मुळात ओझे वाहण्यासाठी घडलेला प्राणी नव्हे. नुसता उभा असतानाही त्याच्या वजनाच्या शंभर भागांतले सुमारे साठ भाग पुढच्या पायांवर असतात, कारण मान आणि डोके पुढे आहे. माणसाला जशी गळ्याखाली खांद्याला जोडणारी हासळी असते, तशी घोड्याला नसते. त्याचे सारे धड पुढच्या दोन पायांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेले असते. झोळीत मूल नीट मध्यावर असले तर दोन्ही दोर सारखे ताणतात. ते एका अंगाला सरकले की एक दोर कचतो. स्वार बसतो तो ह्या झोळीच्या लगेच मागे, बरगड्यांच्या कमानीवर. घोड्याला बरगड्यांचे अठरा मणके असतात. जीन खांद्याच्या हाडामागे सुरू होऊन शेवटच्या बरगडीपूर्वी संपले पाहिजे, कारण त्यामागच्या कमरेला खालून आधार देणारी बरगडी नाही. कोवळ्या घोड्याच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते. पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत त्याच्या कण्याची हाडे पुरती पक्की झालेली नसतात.

आता अशा पाठीवर साठ-सत्तर किलोचे ओझे ठेवा. ते ओझे स्थिर असेल तर घोडा त्याची सवय करून घेतो. ओझे हलते, कलते, मागे पडते, पुढे आदळते तेव्हा त्याची तारांबळ उडते. डोक्यावर हंडा घेतलेली बाई पाहावी. हंडा डावीकडे कलला की ती डावीकडे एक पाऊल टाकते आणि हंड्याखाली जाते. हा विचार नव्हे, अंगाचा स्वभाव आहे. घोडाही हेच करतो. स्वाराचे वजन डावीकडे पडले की तो डावीकडे सरतो. त्याच वेळी आपण उजवा लगाम ओढत असतो. म्हणजे अंग सांगते डावीकडे ये आणि हात सांगतो उजवीकडे जा. अशा वेळी अडण्याखेरीज बिचाऱ्याने करावे तरी काय?

माझ्या बाबतीत घोळ आणखी एका गोष्टीने वाढला होता, आणि ती गोष्ट फार सार्वत्रिक असल्यामुळे जरा विस्ताराने सांगतो. उजवीकडे वळावयाचे म्हणून स्वार बुद्ध्याच उजवीकडे झुकतो. त्याला वाटते, आपण आतल्या बाजूस वजन दिले. प्रत्यक्षात बहुधा उलट होते. उजवा खांदा खाली येतो, उजव्या कुशीच्या बरगड्या कमरेवर मिटतात आणि बैठक घसरते ती डावीकडे. पिशवीचे तोंड उजवीकडे वाकविले तर आतले धान्य डावीकडे फुगते, तसे. स्वाराला मात्र हे कधीच जाणवत नाही. ज्याला आपण सरळ समजतो ते आपल्या रोजच्या वाकडेपणाचेच नाव असते. आपण एकाच हाताने लिहितो, एकाच खांद्यावर पिशवी अडकवतो, मुलाला एकाच कडेवर घेतो. पाठीमागून कोणी पाहिल्याशिवाय किंवा हल्लीच्या सोयीप्रमाणे मोबाईलवर चित्र घेतल्याशिवाय हा दोष कळणे कठीण. चित्र मागून घ्यावे. बाजूने घेतलेले चित्र दिसावयास डौलदार असते, पण ह्या कामी निरुपयोगी. मागून पाहताना स्वाराचा सदरा पाठीवर कोणत्या बाजूला चुण्या पाडतो तेवढे पाहावे. चुण्या ज्या बाजूस, ती कूस मिटलेली.

घोडेही जन्मतः अगदी सरळ नसतात. बहुतेकांची एक बाजू मऊ असते, एक ताठर. स्वाराचा वाकडेपणा आणि घोड्याचा वाकडेपणा एकाच दिशेला जुळला की अडेल घोडा तयार झालाच म्हणून समजावे.

मांड हा आपला जुना शब्द. मांड पक्की असावी असे सारेच म्हणतात, पण तिचा अर्थ मांड्या आवळून धरणे असा करून घेतल्यामुळे फार नुकसान झाले आहे. कपडे वाळत घालावयाचा चिमटा पाहा. त्याची टोके आवळली की तो दोरीवरून वर निसटू पाहतो. गुडघे आवळणाऱ्या स्वाराचेही तसेच होते. तो जिनात बसण्याऐवजी जिनावर उचलला जातो, पोटरी ढिली पडून मागे जाते, आणि घोडा जरा बिचकला की मांडीच्या चिमट्यातून वर उडतो. शिवाय घोड्याला त्या आवळण्याचा अर्थ कळत नाही. कच्चा घोडा घाबरून पळतो, जुना घोडा त्याकडे दुर्लक्ष करावयास शिकतो, आणि मग खऱ्या इशाऱ्यालाही दाद देत नाही.

चांगली मांड ही पकड नसून तोल आहे. ग्रीक सेनानी झेनोफन ह्याने सुमारे तेवीसशे-चोवीसशे वर्षांपूर्वी अश्वारोहणावर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने स्वाराला असे बजावले आहे की, खुर्चीवर बसल्यासारखे बसू नये, पाय फाकून सरळ उभे राहिल्यासारखे असावे. त्या काळी जिनाला रिकिबी नव्हत्या, तेव्हा त्याला तोलाखेरीज दुसरा आधारच नव्हता. आजही जगातल्या बहुतेक शाळा जी खूण शिकवितात ती ह्याच विचाराची: बाजूने पाहिले असता कान, खांदा, कंबर आणि टाच एका ओळंब्यात यावीत. परीक्षा सोपी आहे. घोडा जादूने खालून नाहीसा झाला तर स्वार स्वतःच्या पायांवर उभा राहिला पाहिजे. खुर्चीसारखा बसलेला स्वार पाठीवर पडेल, पुढे ओणवा झालेला तोंडावर.

ओळंबा साधावयाचा तो छाती काढून नव्हे. आपल्याकडे ऐटीत बसणे म्हणजे छाती पुढे आणि पाठीला खोल बाक, अशी समजूत आहे. तसबिरीत ते शोभते. दुडकीत असा स्वार तापलेल्या तव्यावरच्या लाहीसारखा उडतो. सगळ्याचे मूळ कमरेच्या हाडात आहे. घरी एका लाकडी बाकावर सरळ बसून दोन्ही हात तळवे वर करून बैठकीखाली घ्या. हाताला दोन टोकदार हाडे लागतील. कंबर पुढे कलंडली की ही टोके मागे वळतात आणि पाठीला बाक येतो. मागे कलंडली की ती पुढे सरकून पाठ पोक काढते. मधल्या एका जागी ती सरळ खाली रोखलेली असतात. कमरेची जणू पाण्याने काठोकाठ भरलेली परात, पुढून-मागून, डावी-उजवीकडून कोठूनही न सांडणारी. ही जागा जमिनीवर सापडली तरच घोड्यावर सापडेल. दोन्ही तळहातांवर सारखेच वजन येते की नाही, हेही ह्याच बैठकीत कळते. मला स्वतःला ते सारखे लागावयास दीड महिना लागला.

घोडीची जखम भरून येईपर्यंत, सुमारे दोन महिने, काकांनी मला तिच्यावर बसू दिले नाही. त्याऐवजी त्यांनी एक म्हातारा, शांत, खच्ची घोडा कोठून तरी मागून आणला आणि मला काव्यावर धरले. कावा म्हणजे लांब दोरावर घोडा गोल फिरविणे. मध्ये शिकविणारा उभा, हाती दोर; घोड्याचा वेग व दिशा त्याच्या ताब्यात. स्वाराची रिकीब काढून घ्यावयाची आणि लगामही. मला हा मोठा अपमान वाटला होता. पुढे वाचनात आले की, व्हिएन्नाच्या जगप्रसिद्ध स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये, जेथे सोळाव्या शतकापासून ही विद्या जपली आहे, नव्या उमेदवाराला आरंभी दीर्घ काळ ह्याच पद्धतीने, रिकीब व लगाम न देता, दोरावरच्या घोड्यावर बसवितात. तेव्हा अपमान जरा कमी झाला.

ह्यामागचे कारण साधे आहे. ज्याचा तोल पक्का नाही तो हाताने काहीतरी धरणारच, आणि घोड्यावर धरावयास सर्वांत जवळ असतो लगाम. लगामाच्या दुसऱ्या टोकाला घोड्याचे तोंड असते. चालत्या बसमध्ये आपण छताचा दांडा धरतो तसा नवशिक्या लगाम धरतो आणि प्रत्येक धक्क्याला घोड्याच्या जिभेवर व जबड्यावर लोखंड आपटते. घोडा मान वर करतो, पाठ खाली टाकतो, चाल कडक होते, मग स्वार आणखी उडतो. हात चांगला व्हावा म्हणून हाताला कितीही उपदेश केला तरी व्यर्थ; बैठक सुधारली की हात आपोआप मऊ होतो. कोपरापासून कडियाळ्यापर्यंत, म्हणजे तोंडातल्या लोखंडापर्यंत, बाजूने पाहता एक सरळ रेघ असावी एवढे पुरे. कोपर अंगाशी, पण चिकटलेले नव्हे.

काव्याचे वर्तुळ अठरा-वीस मीटर व्यासाचे असावे. लहान वर्तुळात घोड्याच्या सांध्यांवर ताण येतो आणि स्वारही बाहेर फेकला जातो. एका बैठकीस वीस मिनिटे पुष्कळ झाली, तीही निम्मी डावीकडे, निम्मी उजवीकडे. आधी नुसते कदम चालीत डोळे मिटून बसावे (दोर धरणारा विश्वासू असेल तरच!) आणि घोड्याचा मागचा कोणता पाय पुढे येत आहे ते तोंडाने म्हणावे: डावा, उजवा, डावा, उजवा. मागचा डावा पाय पुढे येताना घोड्याचे पोट उजवीकडे झुलते आणि आपल्या डाव्या हाडाखालची पाठ किंचित खाली जाते. ती हालचाल एकदा कमरेला कळली की कंबर स्वतःच चालू लागते. मला पहिल्या दिवशी एकही पाय बरोबर सांगता आला नाही. काका हसले नाहीत, म्हणाले, "उद्या पुन्हा." घोड्याला इशारा द्यावयाचा तो त्याचा पाय उचललेला असताना, जमिनीवर टेकलेला असताना नव्हे, टेकलेला पाय तो बिचारा हलविणार कसा? तेव्हा हा खेळ पुढच्या सगळ्या शिकवणीचा पाया आहे.

मग हात बाजूस पसरून कंबर डावी-उजवीकडे फिरविणे, एक हात वर करून दुसऱ्याने मांडीला शिवणे, घोटे गोल फिरविणे, दोन्ही मांड्या क्षणभर जिनापासून दूर उचलून पुन्हा सोडणे. ह्या शेवटच्या प्रकाराने माकडहाडाजवळचे स्नायू ओरडतात, परंतु मांडी आवळण्याची खोड जावयास त्यासारखा उपाय नाही. आमच्यात मल्लखांब केलेली दोन मुले होती. त्यांचे अंग लवचीक, धीर दांडगा. तरी मांडीची पकड सोडणे त्यांनाच सर्वांत जड गेले. खांबाला पकडावे लागते. घोडा खांब नव्हे, तो स्वतः हलतो.

दुडकी ही खरी कसोटी. ह्या चालीत घोड्याचे पाय तिरप्या जोड्यांनी पडतात: पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, मग उलट जोडी, आणि दोहोंच्या मध्ये क्षणभर चारही पाय हवेत. म्हणून धक्के बसतात. जिनाखाली दाब मोजणाऱ्या चटया घालून जी मोजमापे झाली आहेत, त्यांवरून दिसते की, दुडकीत बसून राहिलेल्या स्वाराचा भार घोड्याच्या पाठीवर क्षणभर त्याच्या वजनाच्या दुपटीच्या घरात जातो. तेव्हा नवशिक्याने आणि कच्च्या घोड्यावर बसणाऱ्याने उठबस करीत दुडकी चालवावी. एका जोडीवर उठावयाचे, दुसरीवर बसावयाचे. वर्तुळात घोड्याचा बाहेरचा खांदा पुढे जाईल तेव्हा उठावे आणि मागे येईल तेव्हा बसावे, असा संकेत आहे. दिशा बदलली की एक ठोका जास्त बसून जोडीही बदलावी. सरळ वाटेने लांब जाताना हे लोक विसरतात. मैलोगणती एकाच जोडीवर बसणारा स्वार घोड्याची एक बाजू दमवितो, आणि घरी येऊन म्हणतो, डावीकडे का वळत नाही?

उठताना रिकिबीवर ताठ उभे राहू नये. गुडघ्यातून पुढे व किंचित वर, आणि तसेच हळू खाली, पोत्यासारखे धप्प नव्हे. घोडा जेवढा उचलतो तेवढेच उठावे.

उडीच्या वेळचे शास्त्र निराळे. तेथे रिकिबी आखूड करून स्वार पुढे येतो आणि घोड्याची पाठ मोकळी सोडतो. इटलीच्या घोडदळातील फेदेरिको काप्रिल्ली (१८६८–१९०७) ह्याने ही रीत रूढ केली. तो विषय येथे नको. एवढेच सांगतो की, सपाटीवर ज्याचा तोल नाही त्याने उडीच्या नादी लागू नये.

नजरेविषयी मात्र सांगितले पाहिजे. माणसाचे डोके चार-पाच किलोचे असते. ते घोड्याच्या मानेकडे पाहण्यासाठी खाली झुकले की ओळंबा मोडला. नवशिके सारे खालीच पाहतात, जणू घोडा मध्येच पळून जाईल. नजर जेथे जावयाचे तेथे असावी, आणि तीही रोखलेली नव्हे, सभोवार पसरलेली, जशी गच्चीवरून सगळी आळी पाहताना असते. अमेरिकेतील सॅली स्विफ्ट ह्या बाईंनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात ह्या मऊ नजरेवर, श्वासावर आणि बेंबीखालच्या तोलाच्या जागेवर सारा भर दिला. त्यांचा स्वतःचा कणा लहानपणापासून वाकडा होता. वाकड्या अंगाने तोल कसा सांभाळावा, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. श्वासाचे तर असे आहे की, स्वाराने धास्तीने श्वास रोखला की त्याचे सर्वांग ताठरते आणि घोड्याला ते तत्काळ कळते. मुलांना मी घोड्यावर मोठ्याने पाढे म्हणावयास लावतो. बेचे पाढे म्हणताना श्वास कोंडता येत नाही. एकोणतीसचा लावू नये, त्याने उलट परिणाम होतो.

ज्यांना अजूनही वाटते की घोड्यावर बसणे हे पायांच्या ताकदीचे काम आहे, त्यांनी डेन्मार्कच्या लिस हार्टेल ह्यांची हकीकत ऐकावी. १९४४ साली, पोटात मूल असताना, त्यांना पोलिओ झाला. जिवावरचे निभावले, मूल सुखरूप जन्मले, परंतु गुडघ्यांखाली पाय लुळे राहिले. डॉक्टरांचा फारसा भरवसा नसताना त्या पुन्हा घोड्यावर बसू लागल्या. चढताना व उतरताना कोणी तरी धरावे लागे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज, म्हणजे शिकविलेल्या घोड्याच्या चालींची परीक्षा, हा प्रकार प्रथमच स्त्रियांना खुला झाला. त्यात लष्करातल्या कसलेल्या स्वारांच्या बरोबरीने उतरून ह्या बाईंनी रौप्यपदक मिळविले, आणि चार वर्षांनी स्टॉकहोमला पुन्हा तेच केले. पोटरी व टाच, जी इशाऱ्याची मुख्य साधने मानतात, ती त्यांच्या कामाचीच नव्हती. बैठक, पाठ आणि वजनाचा सूक्ष्म बदल एवढ्यावर घोडीने सारे ओळखले. महोत्सवी स्मरणिकेत सांगण्यास योग्य अशी एक गंमत म्हणजे, त्या घोडीचे नावच मुळी ज्युबिली होते.

आपल्या जवळचेही उदाहरण आहे. २०२३ च्या सप्टेंबरात चीनमध्ये हांगचौ येथे झालेल्या आशियाई खेळांत भारताच्या चमूने ड्रेसाजमध्ये सुवर्णपदक मिळविले. १९८२ च्या दिल्लीच्या खेळांनंतर अश्वारोहणातले हे पहिलेच सुवर्ण. त्या चौघांपैकी सुदीप्ती हजेला ही मुलगी इंदूरची. त्या चाली पाहताना स्वार काही करीत आहे असे वाटतच नाही. न दिसणे हेच ह्या प्रकारातले कसब. आपल्या घरांतल्या मुलींना ह्या खेळात घालावे की नाही, अशी शंका मला पुष्कळ आया विचारतात. नऊवारीचा कासोटा घालून दोन्हीकडे पाय टाकून बसणाऱ्या बायका आपल्यात होऊन गेल्या. एका अंगाला दोन्ही पाय सोडून बसण्याची चाल विलायतेची. शिवाय माझ्या पाहण्यात मुली लगामाला कमी लोंबकळतात. फक्त शिरस्त्राण हनुवटीखाली पट्टा लावून, आणि बुटाला टाच असलेलीच, ह्यात सवलत देऊ नये. बिनटाचेचा बूट रिकिबीतून आरपार जातो आणि पडलेल्या मुलाला घोडा फरफटत नेतो.

घोडीची गोष्ट अर्धी राहिली. दोन महिन्यांनी जखमेवर पांढरे केस उगवले. जिनाची डावी गादी दबून चापट झाली होती, तीत मोच्याकडून नवी लोकर भरून घेतली. पहिल्या दिवशी काकांनी मला तिच्यावर बसवून फक्त कदम चालीत फिरविले. उजव्या वळणावर येताच माझी उजवी कूस सवयीने मिटली आणि घोडीचा डावा खांदा बाहेर गेला. काकांनी आपली काठी माझ्या उजव्या काखेखाली उभी धरल्यासारखी हवेत दाखविली. मी बरगड्या काठीवरून वर उचलल्या, डाव्या हाडावरचे वजन उजव्यावर येऊ दिले, आणि लगाम जसाचा तसा ठेवला. घोडी वळली. तिचा एक कान मागे माझ्याकडे फिरला, मग पुन्हा पुढे गेला. पूर्वीच्या जागी ती अजून दोन आठवडे संशयाने थबके, आणि ते योग्यच होते. त्या कोपऱ्यात तिने तीन महिने मार खाल्ला होता. चैत्रात वडिलांनी टांगेवाल्याला निरोप पाठविला नाही. ती आमच्याकडे अकरा वर्षे राहिली, आणि धाकट्या बहिणी तिच्यावरच शिकल्या.

रिकिबीच्या वाद्या दर पंधरवड्याला डावी उजवीकडे व उजवी डावीकडे बदलण्याची सवय तेव्हापासून लागली. चढतानाही आता मी दगडी ओट्यावरून चढतो. वयाने ते भागच पडते, पण वादीलाही बरे आणि घोड्याच्या कण्यालाही. तरी गेल्या महिन्यात मुलांची जिने तपासताना दोन्ही वाद्या खिळ्याला टांगून पाहिल्या, तो पाऊण बोटाचा फरक निघालाच.